ठमीची भरलेली जागा

त्या फ्लेक्सची ठमीला शिसारी यायची. येईल नाही तर काय! बदलापूर गावाच्या नाक्यावर तिचा हसरा फोटो, हातात निळी फाईल, शेजारी दात काढून उभे असलेले इथले पुढारी दादा, आणि खाली हातभर अक्षरांत: ‘आदिवासी कन्येला कंपनीत नोकरी.’ नोकरी कसली डोंबलाची!

बारवीकडच्या ठाकरवाडीतली ही पहिली बी.एस्सी. रोज दोनदा गाडी बदलून उल्हासनगरच्या कॉलेजात गेली आणि केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास काढला. दादांनी रोजगार मेळावा भरवला तेव्हा तिचा बाप देऊ भाताची लावणी अर्धी टाकून सोबत आला. माईकवर नाव पुकारलं, दादांनी फाईल दिली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. ती स्टेजच्या मागे उतरते न उतरते तोच एक कार्यकर्ता म्हणाला, “ताई, फाईल द्या इकडं. पुढच्याला लागते.”

तिनं उघडून बघितली. आत कोरा कागद.

“आणि लेटर?”

“घरी येईल ना! नाव-पत्ता घेतलाय तुमचा.”

चार महिने झाले, लेटरचा पत्ता नाही; कुठली कंपनी, तेही कुणी सांगेना. वाडीत मात्र देऊनं त्याच दिवशी गूळ वाटला होता. आता पाण्याला गेलं की शेजारची बनूबाई विचारायची, “कवा जातंस गो कामाला?” देऊ तर मान वर करून पोरीकडे बघेना. ठमी दादांच्या ऑफिसात पाच खेपा घालून आली. दर वेळी पाणचट चहा आणि ‘होईल, होईल’. पाचव्या खेपेला तिनं तो चहा तसाच ठेवला.

मग तिनं दादांचा नाद सोडला. अंबरनाथच्या एमआयडीसीत गेटागेटावरच्या पाट्या वाचत फिरू लागली. बहुतेक ठिकाणी हेल्पर नाहीतर पॅकिंग. आठव्या दिवशी एका गेटवर खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘लॅब असिस्टंट पाहिजे. बी.एस्सी. केमिस्ट्री. फ्रेशर चालेल.’

वॉचमननं आत सोडलं. भरतीचं बघणाऱ्या मनाली मॅडमनी टायट्रेशनचे चार प्रश्न विचारले, हिनं फटाफट उत्तरं दिली. मॅडम खूश. “उद्यापासून येशील?” ठमीनं इतक्या जोरात मान हलवली की दोघी हसल्या. मॅडमनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि त्यांचं हसू गेलं.

“अगं, तू तर आमच्याकडे लागलेली आहेस.”

“मी?”

“जुलैपासून. मेळाव्याची यादी आली होती. एवढी स्थानिक मुलं घेतली म्हणून मोठ्या साहेबांनी त्यावर सही करून वर सरकारकडे पाठवली.” मॅडमनी स्क्रीन फिरवली. तिचं नाव, वाडीचं नाव, सगळं बरोबर. “आता तुला घेतलं तर जुलैची सही खोटी ठरेल.”

“मॅडम, मी लागलेच आहे तर माझं टेबल दाखवा की! आत्ता बसते.”

“तसं नाही होत गं.”

“मग बाहेर पाटी कशाला लावलीत?”

मॅडम खाली बघत म्हणाल्या, “काम तर कोणीतरी करायला पाहिजे ना.”

ठमीच्या डोक्यात तिडीक गेली. लाज नाही वाटत मेल्यांना! तिच्या घामाची पदवी, तिच्या बापाचं नाव, सगळं उचलून नेलं आणि तिलाच दारात उभं केलं. वर ही बाई म्हणत होती, “माझ्या हातात असतं तर…” ठमीनं पुढचं ऐकलंच नाही. मार्कशीट ओढून घेतली आणि निघाली.

गेटपाशी तिच्याच वयाची एक मुलगी पाटी वाचत उभी होती. छातीशी फाईल, पायात धुळीनं भरलेल्या चपला. तिनं भीत भीत विचारलं, “ताई, जागा आहे का अजून?”

नाही म्हणावं, असं क्षणभर ठमीच्या अगदी ओठावर आलं. मग तिला स्वतःचीच किळस वाटली.

“आहे,” ती म्हणाली. “कुठल्या मेळाव्यात स्टेजवर चढली नाहीस ना?”

“नाही.”

“मग जा आत. टायट्रेशनचं विचारतील.”