आधी विचारून येणारे शमुवेलकाका

शमुवेलकाका माणसाच्या तोंडाआधी त्याचे पाय बघत. सुटका जवळ आलेल्या कैद्याला ते तुरुंगातल्या रविवारच्या प्रार्थनेनंतर वर्तमानपत्रावर उभं करत, पावलांभोवती पेन्सिलीनं रेघ ओढत आणि कागदाची घडी खिशात ठेवत. सुटकेच्या सकाळी त्या मापाच्या नव्या चपला घेऊन ते नांदेडच्या तुरुंगाच्या फाटकासमोर उभे असत. तिथला एक शिपाई त्यांना नेहमी डिवचायचा, "काका, चपला जपून वापर म्हणावं, परत इकडंच चालत यायचं हाय त्याला." काका शांतपणे म्हणत, "येऊ बी शकतो."

माझ्याही पावलांभोवती त्यांनी ती रेघ ओढली होती. लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी कारकून होतो. भांडणात मी एका हमालाच्या तोंडावर लोखंडी सळई मारली. त्याचा डोळा गेला आणि मला तीन वर्षांची शिक्षा झाली.

काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी ते पुरुषांची बैठक चालवत. सुटून आलेले, दारू सोडू पाहणारे असे आम्ही बारा-पंधरा जण असू, बहुतेक हिंदूच. काकांनी कधी कुणाचा धर्म काढला नाही. "प्रार्थनेला बसायचं तर बस, न्हाई तर च्या पी आन् गप ऱ्हा," असं ते नव्या माणसाला सांगत. "खोटं बोलायचं असंल तर मातर भाईर लई जागा हाय." नव्या माणसाला ते वर्षभर 'पावनं' म्हणत. वर्ष नीट गेलं की एखाद्या शनिवारी सहज त्याच्या नावानं हाक मारत. त्या हाकेची वाट आम्ही कशी बघायचो, ते सांगून पटणार नाही.

त्यांचा एक नियम होता. सुटलेल्या माणसाला ते थेट घरी जाऊ देत नसत. त्याच्याबरोबर गावापर्यंत जात, त्याला फाट्यावर बसवत आणि आधी एकटे त्याच्या घरी जाऊन विचारून येत. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "तुजी सजा सरकारनं संपवली. घरच्याइनं संपवली का, ते मी इचारून येतो." नकार आला तर तो जसाच्या तसा सांगत आणि माणसाला परत नांदेडला आणून कुठंतरी कामाला लावत.

माझ्या वेळी लातुरात मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बसलो होतो. माझ्या बायकोला, वैशालीला, विचारून काका आले आणि म्हणाले, "ये म्हनली. पन हात उचलशीन त्या दिशी मी जाईन, असं बी म्हनली. ते बी सांगाय लावलंय." ते दोन तास मी कधी विसरलो नाही. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

लातुरात मला कुणी काम देईना, म्हणून वैशाली आणि मी नांदेडला आलो. काकांनी हार्डवेअरच्या दुकानात चिकटवून दिलं. वर्षानं त्यांनी मला 'दिगंबर' म्हटलं आणि मी त्यांच्या हाताखाली राबू लागलो.

मारुती सुटला त्या दिवशी काका तापानं फणफणले होते. मारुती मुखेड तालुक्यातला, बायकोला मारहाण केल्याबद्दल आत गेलेला. काकांनी मला जायला सांगितलं. "ती बोलंल ते सबुद तसेच आन. तुजं त्यात काई घालू नको," एवढंच ते म्हणाले.

फाट्यावर मारुतीला लिंबाखाली बसवून मी गावात गेलो. त्याची बायको सुमन दारातच शिवणयंत्रावर ब्लाऊज शिवत होती. मी कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. तिनं यंत्र थांबवलं, मला पाणी दिलं आणि म्हणाली, "नको. त्येंला म्हनाव दुसरीकडं कुटंबी ऱ्हावा. हितं नको." आवाज चढवला नाही की रडली नाही. मी उठलो तेव्हा ती पुन्हा शिवायला लागली होती.

परत आलो तर मारुतीनं चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या आणि शर्टाच्या बाहीनं त्यांच्यावरची धूळ पुसत होता. घरी जाताना त्या नव्या दिसायला हव्या होत्या त्याला. त्यानं वर बघितलं.

"काय म्हनली?"

"ये म्हणाली," मी सांगितलं.

तो चपला हातात घेऊनच पळत सुटला.

परतीच्या बसमध्ये मी खूश होतो. हे लिहायलाच हवं. मी एका माणसाला घर दिलं, असं मला वाटत होतं. बाईचं काय, चार दिवस फुगेल, मग होईल सगळं सुरळीत, असा हिशोब मी तिच्या वतीनं करून टाकला. काकांनी अंथरुणावरून विचारलं, "कोन्या सबदात म्हनली?" मी म्हणालो, "म्हणाली, झालं गेलं, या म्हणावं." काका माझ्याकडे बघत राहिले. "आसं म्हनली?" म्हणाले आणि कुशीवर वळले.

नवव्या दिवशी मारुतीनं सुमनवर कोयता चालवला. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. मारुती पुन्हा आत गेला. पायात काकांच्याच चपला होत्या, हे मला त्या शिपायानं हसत सांगितलं.

काका दवाखान्यात तिला भेटून आले आणि शनिवारी बैठकीला आले. चहा अजून उकळत होता. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "ती काय म्हनली व्हती?"

"नको म्हणाली होती."

"आन् तू काय सांगितलं?"

"ये."

तिथल्या कितीतरी जणांना काकांनी फाट्यावर येऊन 'नको' सांगितलं होतं. त्यांतला एक नुसता माझ्याकडे बघत होता, त्याची नजर मला अजून पेलत नाही. काकांनी चहा गाळला, सगळ्यांना दिला. माझ्यासमोर कप ठेवत म्हणाले, "घ्या, पावनं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुरुंगातून विचारणा झाली. चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवलं की चूक एका कार्यकर्त्याची आहे, तसं लिहून द्यावं. काकांनी लिहून दिलं की माणूस मी धाडला, चूक माझी. त्यांची तुरुंगात जायची परवानगी गेली. त्यानंतर दीड वर्ष माणसं फाटकातून बाहेर येत राहिली आणि समोर कुणी नसायचं. काकांच्या कपाटात आधीच मापं घेतलेल्या कागदांच्या चार घड्या तशाच पडून होत्या.

मी दर शनिवारी माफी मागायचो. शेवटी ते वैतागले. "माजी काय मागतो? माजं बोट गेलं का?" मग मी म्हणालो की मला सुमनताईंच्या पाया पडायचंय. ते म्हणाले, "चला, पावनं. इचारून येतो."

तेव्हा त्यांना चार पावलं टाकली तरी धाप लागायची. तरी ते मुखेडच्या बसमध्ये माझ्याबरोबर बसले. त्याच फाट्यावर, त्याच लिंबाखाली त्यांनी मला बसवलं आणि काठी टेकत गावाकडे गेले. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. ती 'या' म्हणेल, अशी मला खात्रीच होती. इतकी खात्री कशी होती, याची आज लाज वाटते.

तासाभरानं ते परत आले. शेजारी बसून आधी श्वास जमवला.

"नको म्हनली."

"नीट विचारलं का, काका? पुन्हा एकदा..."

"एकदाच इचारायचं आस्तंय. दुसऱ्यांदा इचारलं की ती जबरदस्ती झाली." मग म्हणाले, "आजूक म्हनली, त्या दिशी मी काय म्हनले व्हते ते त्येंला याद असंल. आजबी तेच हाय."

बस येईपर्यंत आम्ही लिंबाखालीच बसलो. मी रडत होतो. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. पण माझ्या शेजारून उठलेही नाहीत.

त्यानंतर तीन महिन्यांत काका गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांचं अंग पुसायचो, कूस बदलायचो. शेवटपर्यंत ते मला पावनं म्हणत होते.

नव्या पाळकांनी परवानगी पुन्हा मिळवली. आता कागदावर रेघा मी ओढतो. मागच्या महिन्यात बिलोलीजवळच्या एका गावी गेलो होतो. एका म्हातारीनं आपल्या मुलाला नको म्हटलं. मी परत आलो. तो फाट्यावरच्या दगडावर बसला होता, गुडघे जुळवून, केस ओले करून विंचरलेले. मला बघून उभा राहिला.

"काय म्हनली माय?"

"नको म्हणाली," मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी बसलो.