ढेकर देणाऱ्या म्हशीची लेक

माझे सासरे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, म्हशीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. सासूबाईंनी शिरोळच्या माहेराहून म्हैस आणली होती. त्या गेल्या, पण त्या म्हशीची लेक आणि नात अजून उचगावच्या आमच्या गोठ्यात आहेत. नात म्हणजे आमची रेडी, मामांचा जीव की प्राण.

गोठ्याला जागा कमी. म्हणून मी आणि नवऱ्यानं ठरवलं, तपासणीत म्हैस, म्हणजे रेडीची आई, नापास झाली तर रेडी विकायची. तपासणी कसली, तर ढेकरांची! म्हैस ढेकर देते तेव्हा मिथेन वायू बाहेर पडतो, त्यानं हवा तापते. हा गुण आईकडून लेकीत उतरतो, म्हणून कमी वायू सोडणाऱ्या जनावरांचीच पैदास वाढवायची, असं दूध संस्थेच्या डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या. रोजचाच चारा द्या, हेही बजावलं होतं.

त्या आल्या, म्हशीच्या नाकासमोर टॉर्चएवढं यंत्र धरलं. म्हशीनं तोंडावरच अशी ढेकर दिली, की बाई मागंच सरकल्या. "फारच आहे हो," म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. मला शंका आली. गव्हाणीत बघते तर उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाड्याचा ढीग, वर पेंड!

"मामा, हे काय हो?"

"पावणं येणार, आन् जनावर उपाशी दाखवायचं व्हय?"

कपाळाला हात लावला मी; जादा खाणं म्हणजे जादा वायू! बाई मात्र हसल्या, पुन्हा येते म्हणाल्या. मधल्या दिवसांत वैरण मीच घातली, मामांना जवळ फिरकू दिलं नाही. पुढच्या खेपेला आकडा उतरला, पण पास होण्याइतका नाही. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

"निम्मा गुण बापाचा असतो," बाई म्हणाल्या. "कमी वायूच्या रेड्याचं बीज रेडीला भरलं तर पुढची पिढी सुधारेल. पण रेडी ठेवायची का, तुम्ही बघा."

मामा रेडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिच्या मालकिणीलाबी जेवल्यावर अशीच ढेकर यायची. पार रस्त्यापतूर ऐकू जायाची. लई बोलायचो मी तिला. आता घर कसं गप गप असतंय बघा."

मी डॉक्टरीणबाईंकडं वळले.

"बाई, जावई तेवढा नीट बघून द्या," मी म्हटलं. "रेडी कुटं जात न्हाय."