पट्टीखालचा हत्ती

ती चादर आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी अधिकारी नव्हते. माझे मालक फौजेतून सुटल्यावर चंदीगड पोलिसांत ड्रायव्हर झाले. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला ठाण्यात शिपायाची नोकरी मिळाली. शिक्षण चौथीपर्यंत. फायली इकडून तिकडे नेणे, चहा करणे, महिला तक्रारदार आली तर तिच्याजवळ बसणे आणि महिला आरोपीची झडती घेणे, ही माझी कामे. साहेबांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. सगळे मला मौसी म्हणत.

गोष्ट इंटरनेट नवे होते तेव्हाची. एका सकाळी तिशीतली एक बाई ठाण्यात आली. हातात कागदाची लांब गुंडाळी, डोळे सुजलेले. ड्यूटीवरच्या मुन्शीने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, तक्रार ऐकली आणि पेन खाली ठेवले.

"बीबीजी, फूल-पत्ती की भी कोई चोरी होती है?"

बाई बाकावर माझ्याजवळ येऊन बसली आणि स्वतःशीच पुटपुटली, "आता काय करू मी."

मराठी ऐकून मी दचकलेच. विचारले, "कुठल्या तुम्ही, ताई?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने माझा हात धरला आणि सगळे सांगितले. तिचे यजमान इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. ती घरी बसून कापडावर, कागदावर छापायची नक्षी काढी. एक चौकोन काढायचा. तो शेजारी शेजारी लावत गेले की कितीही लांब कापड भरते, पण जोड कुठे दिसता कामा नये. हे चौकोन ती इंटरनेटवरच्या एका बाजारात विकायला ठेवी. दर आठवड्याला एक नवी नक्षी, आणि तिच्याखाली दोन ओळी, की हे काय आहे आणि माझ्या घरी ते केव्हा काढतात. त्या ओळी वाचून लांबलांबच्या बायका तिला पत्रे लिहीत आणि नक्षी विकत घेत.

तिची सर्वांत आवडती नक्षी चैत्रांगणाची होती. चैत्रात गौरीपुढे अंगणात काढतात ती रांगोळी. फणी, करंडा, आरसा, पाळणा, अंबारीचा हत्ती. आता इथल्याच एका चादरीच्या व्यापाऱ्याने त्या बाजारवाल्यांना कळवले होते की ही नक्षी माझी आहे, या बाईने चोरली. त्यांनी इंटरनेटवरचे तिचे पान बंद केले. शनिवारपर्यंत पुरावा दिला नाही, तर ते कायमचे बंद होणार होते. तो दिवस गुरुवार होता.

"मावशी, मला चोर म्हणतात हो," ती म्हणाली. "पाच वर्षांचं काम आहे माझं."

मी उठले आणि दोन कप चहा घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. एक त्यांच्यापुढे ठेवला, दुसरा हातात धरून तशीच उभी राहिले.

"दूसरा किसका है, मौसी?"

"बाहर एक बीबी रो रही है, साबजी."

एवढेच बोलले. साहेब धिप्पाड सरदारजी, आवाज मोठा, पण कान चांगला. त्यांनी बाईला आत बोलावले, अर्ज घेतला, रोजनामच्यात नोंद करायला लावली. मात्र स्पष्ट सांगितले, "मैडम, वो कहेगा मेरा है, आप कहोगे मेरा है. मैं किसकी मानूँ?"

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. ताईने सांगून ठेवलेल्या तिच्या एका गिऱ्हाईक बाईने मार्केटमधून खबर दिली. चादरींचे गठ्ठे टेम्पोत चढत होते, संध्याकाळी शहराबाहेर, खरड गावाकडे निघणार होते. साहेबांनी लगेच जीप काढली. तासाभरात दोन गठ्ठे आणि व्यापारी ठाण्यात हजर झाले. पंच बोलावून पंचनामा झाला, आणि एक चादर साहेबांच्या टेबलावर पसरली.

व्यापारी बोलायला पक्का होता. स्वच्छ कपडे, गोड बोलणे. "जनाब, बीस साल से इस लाइन में हूँ. ये मैडम तो शौकिया हैं. अपने हाथ से बनाया है मैंने."

साहेबांनी फणीवर बोट ठेवले. "ये क्या है?"

"सीढ़ी है जी."

"और ये?" हा करंडा होता.

"मंदिर का गुंबद."

ताई म्हणाली, "सर, ये कंघी है और ये कुंकू की डिब्बी. मैंने तस्वीर के नीचे लिखा भी था."

व्यापारी हसला. "लो जी, आर्ट में तो जिसको जो दिखे वही है."

मला कळले की एवढ्यावर भागणार नाही. नाव चुकले म्हणून कोणी चोर ठरत नाही.

मी चहाचे कप गोळा करत होते आणि माझी नजर चादरीवर होती. वीत-वीत अंतरावर जाड निळी पट्टी होती. बाकीची नक्षी नाजूक आणि ही पट्टी मात्र ठोकळ्यासारखी. आमच्याकडे गोधडीत दोन तुकडे नीट जुळले नाहीत की बायका वरून अशीच पट्टी मारतात. मी अजून जवळून बघितले. पट्टीला टेकून हत्ती होता. पाठ, अंबारी, शेपूट, मागचे पाय. पुढचे अंग कुठेच नाही. पुढच्या पट्टीला पाहिले, तिथेही तेच. त्याच्या पुढेही तेच.

मी ताईच्या कानात सांगितले, "अहो, एकाही हत्तीला सोंड नाही."

"मौसी, क्या खुसर-फुसर चल रही है?" साहेब म्हणाले. "ज़ोर से बोलो."

मी पदर घट्ट धरून म्हणाले, "साबजी, पट्टी जोड छुपाने के लिए लगाई है. यहाँ तस्वीर आधी है. बाकी आधी इन सेठजी से माँगो."

साहेबांनी चादर स्वतःकडे ओढली आणि पट्टीजवळ बोट ठेवले. "हाँ भाई, ये जानवर कौन सा है?"

"जानवर? नहीं जनाब, ये तो झोपड़ी है. गाँव का सीन है."

"झोपड़ी की पूँछ होती है?"

मुन्शीला हसू आवरेना. ताईने गुंडाळी उघडली. कागदावर पूर्ण हत्ती होता. त्याची सोंड चौकोनाच्या उजव्या कडेवरून बाहेर जात होती आणि डाव्या कडेने परत आत येत होती. गुंडाळीतले तसेच दोन कागद शेजारी धरले की सोंड सोंडेला मिळत होती. तिने सांगितले की फोनच्या तारेवरून मोठे चित्र चढायला फार वेळ लागायचा, म्हणून सेक्टर 34 मधल्या सायबर कॅफेत बसून तिने फक्त मधला तुकडा कापून इंटरनेटवर चढवला होता. पूर्ण चौकोन विकत घेणाऱ्यालाच मिळे, बाकी जगाने तेवढाच तुकडा पाहिला होता. उरलेला हत्ती तिच्या घरी होता.

व्यापाऱ्याचा आवाज खाली आला. एका कंप्युटरवाल्याकडून चित्र काढून घेतल्याचे त्याने कबूल केले. "नेट पे पड़ा था जी. मैंने सोचा किसी का नहीं है."

जबाब झाला, गुन्हा नोंदला गेला, माल जप्त झाला. शुक्रवारी ताईने कागदपत्रांच्या नकला नेऊन बाजारवाल्यांना पाठवल्या आणि शनिवारी दुपारी ठाण्यात फोन करून मला फोनवर बोलावून घेतले. "मावशी, पान उघडलं!" एवढेच म्हणाली, आणि आम्ही दोघीही रडलो. मुन्शीने विचारले, "क्या हुआ, मौसी, कोई गुज़र गया?"

नोकरीत पुढे मी कितीतरी जबाब ऐकले. मी फक्त चहा ठेवत असे, पण माणूस एका जागी उगाच जास्त रंगवून बोलू लागला की मला ती निळी पट्टी आठवे. वाटे, जोड इथे आहे. एकदोनदा तसे साहेबांना सांगितलेही. त्या दिवशी उघडलेले तोंड मी पुन्हा पूर्ण बंद केले नाही, एवढा माझा फायदा.

ताई अजून नवी नक्षी झाली की भिंतीवर लावते आणि मला बोलावते. "मावशी, जोड शोधा." मी चष्मा लावून तास तास शोधते. सापडला तर ती चिडते आणि पुन्हा काढायला बसते. गेल्या खेपेला मला जोड सापडला नाही. हत्तीची सोंड एका कडेने गेली आणि दुसऱ्या कडेने आली, आणि मी बोटाने तिच्या मागे मागे जात राहिले.