विहिरीशेजारची सहा बोअर

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. ते शिक्षण उमेळे गावातल्या आत्याच्या वाडीतल्या सोनचाफ्यावर झालं. फुलं विकून तिने माझी फी भरली. चाफा जगायचा तिच्या विहिरीवर. त्या भागात एवढं गोड पाणी दुसरीकडे नव्हतं.

पुढे वालीवच्या एका लहान कंपनीत मला नोकरी लागली. आमचं काम घरं थंड करण्याचं, पण जमिनीच्या मदतीने. खोलवरची जमीन भर उन्हाळ्यातही तापत नाही. बोअर मारून त्यात पाइप सोडायचे, पाइपांतून पाणी फिरवायचं आणि घरातली उष्णता खाली नेऊन टाकायची. आत्याच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त गृहस्थ बंगला बांधत होते. त्यांना ही कल्पना मीच पटवली. आत्याला माझं काम दिसावं, अशी हौस होती.

बोअरची मशीन आली तशी आत्या कुंपणाशी आली.

"किती खोल जानार रे?"

"दोनशे फूट."

"चार पुरुष खोल गेलं की खारं पानी हाय. माझ्या सासऱ्याने विहीर तिथंच थांबवली, ती काय कंटाळा आला म्हनून?"

"आत्या, आपण पाणी काढतच नाही. पाइप बंद असतात."

"आनि भोक?"

"ते बुजवायचं."

"हे कॉलेजात शिकवलं?" ती हसली. "मग बुजव नीट."

विचारायचं तेवढंच तिने विचारलं होतं. पाइपाभोवतीची पोकळी फुगणाऱ्या मातीने तळापासून घट्ट भरावी लागते, नाहीतर खालचं खारं पाणी त्या वाटेने वर चढतं. चार बोअर तशी भरली आणि माती संपली. साहेबांना फोन केला.

"उरलेल्या दोनमध्ये निघालेला चुरा ढकल," ते म्हणाले. "जमीन आपोआप बसते. मशीन उद्या दुसरीकडे हवी आहे."

बसत नाही, हे मला माहीत होतं. पण माझ्या मोडक्या इंग्रजीकडे दुर्लक्ष करून याच माणसाने मला नोकरी दिली होती. उपकार विसरू नयेत, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. त्या दिवशी मी साहेबांचे लक्षात ठेवले आणि आत्याचे विसरलो. दोन बोअरमध्ये चुरा ढकलला आणि अहवालात सहाही बोअरपुढे 'पूर्ण भरले' लिहून सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याची तूरडाळ शिजेना. मग चहात दूध फाटायला लागलं. मग चाफ्याची पानं कडेने करपली. बंगला मात्र छान थंड झाला. मालकांनी मला पेढे दिले.

परवा आत्याच्या ओट्यावर बसलो होतो. शेजारचा एक जण म्हणाला, "मावशे, त्या बंगल्याच्या बोअरनीच तुझी विहीर नासवली."

"गप रे!" आत्या कडाडली. "ती माझ्या भाच्याने बुजवलीत. सही हाय त्याची. तो खोटी सही करनार?"

शेजारी माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली. नाही, अशी.

आत्याने विकतच्या कॅनमधलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे ठेवलं. स्वतः कळशीतलं, विहिरीचं घेतलं.

"तुला नाय सोसायचं," ती म्हणाली. "मला सवय झाली."