मांडीवरची कोरी जागा

अर्जदार : मी, मंगरूळपीरच्या तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणारा. गैरअर्जदार : कोणी नाही. साक्षीदार : माझी पत्नी, व अंगणातला कडुनिंब. घटनेची वेळ : मुलीचे पहिले बाळंतपण. वादाचा विषय : भिंतीवरचे एक चित्र.

मुलगी अमरावतीस चित्रकला शिकली. बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सोबत रंग होते. तिने आईचेच चित्र काढायला घेतले. मांडीवर मूल घेतलेली आई. रेघ एकही नाही, नुसते ठिपके, एकाशेजारी एक. माझ्या मसुद्याला साहेब लोकही नावे ठेवीत नाहीत. रेघेवाचून आकृती होते हे मला पटले नाही, व मी तसे नमूद केले. पत्नी तर चित्राला नाक लावून बसली.

“मले सारी गोंदून टाकली का वं?”

“माय, दुरून पाह्य.”

आमचे घर एका खोलीचे. पाठ भिंतीला टेकली तरी ठिपकेच. मुलीने आईला हाताला धरून कडुनिंबापाशी नेले आणि दार सताड उघडले. तिथून पत्नीला स्वतःचा पदर, हातावरचे गोंदण, सगळे दिसले.

“हे त मीच. पन पोराले तोंड काहून नाई?”

“पाह्यल्याबिगर कसं काढू? येऊ दे त खरं.”

“आज्याचं नाक नको देजो त्याले, म्हंजे झालं.”

मूल मृत जन्मले. बाळंतिणीला तोंड दाखवू नये, जीव गुंततो, असे वडीलधाऱ्या बायांचे म्हणणे पडले. मी व पत्नीने ते कपड्यात गुंडाळले, व रीतीप्रमाणे मी नेले. मुलगी शुद्धीवर आली तेव्हा पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

ती सासरी गेली. चित्र येथेच राहिले. पत्नीने फोनवर एकदा विनवले, “तेवढं तोंड पुरं कर ना वं.”

“पाह्यलंच नाई, माय.”

त्यानंतर आमचा फोन उचलला जात नाही.

संध्याकाळी पत्नी कडुनिंबाखाली उभी राहते. मी दार उघडतो. दुरून सगळे जुळते, मांडी तेवढी जुळत नाही.

सबब, ते तोंड घरच्यांपैकी आम्ही दोघांनीच पाहिले असल्याने व पत्नीला ते सांगवत नसल्याने, वर्णन मी सादर करतो : कपाळ रुंद. डावा कान किंचित दुमडलेला. ओठ मुलीसारखे, मिटलेले. नाक माझे.

ठिपके द्यावेत असा आग्रह नाही, आशाही नाही. परंतु वर्णन पोचले किंवा नाही, एवढे उत्तर मुलीकडून मिळावे, ही विनंती.