हरभऱ्याच्या रानातली आकाशगंगा

पुण्याहून निघताना गाडीच्या टपावर पत्र्याचं एवढं थोरलं नरसाळं बांधलं होतं, की केडगावात चहाला थांबलो तर टपरीवाल्यानं विचारलं, "पाव्हनं, गुऱ्हाळ टाकताय का?" माझी पुतणी सई म्हणाली, यातून आकाशातला हायड्रोजन ऐकायचाय. त्यानं माझ्याकडं दयेनं बघून चहात साखर वाढवली.

सई दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या अफाट वसाहतींच्या) मधल्या याच हायड्रोजन वायूचा अभ्यास करते. तिच्या सरांना विद्यार्थ्यांसाठी रेडिओ दुर्बीण उभारायचीय. पाथर्डीकडचा माळ गोंगाटमुक्त (मोबाईलच्या, विजेच्या यंत्रांच्या लहरी नसलेला) निघाला, तर या वायूवर काम करणारी देशातली पुढची पोरं तिथं शिकणार. नाहीतर दुर्बीण परराज्यात जाणार. सईचं आजोळ पाथर्डीचं. त्यामुळं हट्टही तिकडचाच.

माळावर पोचलो. इतकी शांतता, की मुंगीचा पाय मुरगळला तर ऐकू यावा. आम्ही मोबाईल बंद केले, नरसाळं आभाळाकडं वळवलं, आणि यंत्रातून आवाज आला: टक्. टक्. टक्. सईचा चेहरा पडला. हे असंच राहिलं तर माळ बाद.

तिला धीर द्यावा म्हणून मी शेजारच्या कुंपणाला रुबाबात टेकलो. पुढचं मला आठवतं ते हवेतून. झटका मशीनची (जनावरं रोखायला तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या यंत्राची) तार होती ती. खाली आलो तेव्हा वाटेत दोन ढग लागले होते.

सईचे डोळे चमकले. "काका, पुन्हा एकदा हात लावता? टक् बरोबर जुळतंय का बघू."

लावला. जुळलं.

शेताच्या मालकीण हौसामावशी बांधावर हसत बसल्या होत्या. सईनं मशीन तासभर बंद ठेवायची विनंती केली, तसं त्यांचं हसू थांबलं.

"तुमची आकाशगंगा पिकंल तवा पिकंल, बाई. माझा हरभरा आत्ता घाट्यात आलाय, दाना भरतोय. तार बंद केली तर हरनं घंटाभरात रान साफ करत्यात."

मी छाती काढून म्हणालो, राखण मी करतो. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातात गोफण (दगड भिरकावायची दोरी) दिली आणि मशीन बंद केलं.

माझा पहिला दगड मागं गेला. दुसरा बहुधा शनिशिंगणापूरला पोचला. तेवढ्यात हरणं आली. चारशे असतील, सई चार म्हणते. मग मी गोफण टाकली आणि उपरणं फिरवत ढेकळांतून धावलो. पलीकडच्या बांधावरून मावशींचे दीर ओरडले, "पाव्हनं, हरभरा तुडवू नगा, हरनं बरी!" पण तेही उतरले, त्यांच्या सुनाही ताटल्या वाजवत आल्या. तास संपेपर्यंत एकाही हरणाला घाटा लागला नाही.

यंत्राच्या पडद्यावर सपाट रेघेला एक छोटा उंचवटा आला होता. सई हसत, डोळे पुसत होती.

"येवढंच?" मावशींनी विचारलं.

"एवढंच, मावशी. आपल्याच आकाशगंगेतला वायू आहे. हा ऐकता आला, की पुढं लांबचा."

मावशींनी वाकून तो उंचवटा नीट पाहिला. मग म्हणाल्या, "आना तुमची पोरं. मशीन बंद करीन मी. पन राखनीला मानसं संगं आना, आन् या पाव्हन्याला न्हाई."

परतताना सईनं सरांना फोन लावला. माळ चालेल म्हणाली, आणि सामानाबरोबर धावणारी दोन माणसंही मागितली. माझा खांदा ठणकत होता, घसा गेला होता, आणि अंगात असा आनंद होता की गाडी पेट्रोलशिवाय पुण्याला आली असती. देशाचं संशोधन उद्या कुठल्या दीर्घिकेपर्यंत पोचेल ते शहाण्यांनी सांगावं. त्या वाटेवर आधी हरभऱ्याचं एक रान लागतं आणि तिथं कुणालातरी हरणं हाकावी लागतात, एवढं मात्र मी धावून पाहिलंय.