नसीमचे शनिवारचे सिनेमे

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्टँडवर उभी होते. तिचा भाऊ बोलत होता. आदल्या दिवशी तिच्या छातीत दुखलं, डाव्या हाताला मुंग्या आल्या, म्हणून त्यानं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, लग्न झालं का? नाही म्हटल्यावर ‘टेन्शन घेता तुम्ही’ म्हणाले आणि गॅसची गोळी देऊन परत पाठवलं. सकाळी अमरावतीला नेताना वाटेतच... अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिच्या जागी पुरुष असता तर निदान ईसीजी तरी काढला असता. पाच आठवडे झाले, माझा राग काही खाली बसत नाही.

आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत. ती हिंदी शिकवायची, मी विज्ञान. शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेचे पडदे ओढून ती नववी-दहावीच्या मुलींना सिनेमे दाखवायची. कुठलेकुठले शोधून आणायची, इराणी, बंगाली, जपानी. विषय मात्र एकच, वयात येणारी मुलं. पडद्यावरची भाषा कुणाला कळायची नाही, म्हणून संवाद ती स्वतः वऱ्हाडीत सांगायची. जपानी आई पोराला विचारायची, “काहून रे, कुठं गेलता?” आणि पोरी बाकं बडवून हसायच्या.

सिनेमा संपला की तिचा प्रश्न ठरलेला. “ही पोरगी मोठी कवा झाली?” पहिल्यांदा पोरी म्हणाल्या, पाळी आली तेव्हा. एक म्हणाली, साडी नेसली तेव्हा. नसीम चिडली. “पोरगा घर सोडून जाते, मार खाते, हरवते, अन् मोठा होते. पोरगी मोठी झाली की तिची सायकल काढून घेतात. याले मोठं होणं म्हणतात का?” चांगल्या सिनेमांवरही तिचा राग असायचा. मला म्हणायची, “वंदना, शेवटी खिडकीतून बाहेर पाह्यणारी पोरगी दाखवतात अन् पिक्चर संपवतात. बाहेर तिले कोण जाऊ देते, ते दाखवा ना!”

दहावीतल्या पायलनं हे सगळं मनावर घेतलं. सोळा वर्षांची, अबोल पोर. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरत होतं. तिनं घरी सांगितलं, मले अकरावी करायची आहे, मी लग्न करत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले, मॅडम पोरींना बिघडवतात म्हणून ओरडले. संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न कसं लावता, असं त्या बापाला एकानंही विचारलं नाही. नसीमला मात्र माफीनामा लिहायला सांगितला. तिनं नकार दिला, मग सिनेमे बंद झाले. मी त्या बैठकीत होते. समोरच्या चहाच्या कपाकडे बघत बसले होते... एक शब्द बोलले नाही.

पायलला काकाकडे ढाणकीला नेलं. लग्न तिथंच उरकणार आहे, हे कळल्यावर नसीम माझ्याकडे आली. “मी पोलिसांत तक्रार करून आली, वंदना. पण माह्या एकटीचं कोणी ऐकून नाही राह्यलं. तू येतं का ढाणकीले?” मी म्हटलं, प्रॅक्टिकलच्या परीक्षा आहेत. ती एकटी गेली. त्यांनी दार उघडलं नाही. ती उन्हात ओट्यावर बसून राहिली, शेवटच्या बसनं परत आली. आठ दिवसांनी पायलचं लग्न झालं. त्यानंतर नसीम मला कधी टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष फोटोला हार घालून म्हणाले, “नसीम मॅडमनी चित्रपटांच्या माध्यमातून आमच्या मुली घडवल्या.” मी उठले. म्हटलं, “ते सिनेमे तुम्हीच बंद केले. पायलचं लग्न होऊ दिलं. अन् मी गप्प बसले.” ते म्हणाले, “मॅडम, ही बोलण्याची जागा नाही.” मी म्हटलं, “मग कोणती आहे ते सांगा, तिथं येते.” चार दिवसांनी मलाही माफीनाम्याचं पत्र आलं. मी ते तसंच परत पाठवलं. पुढं काय होईल ते होईल.

शाळेची प्रयोगशाळा आता शनिवारी कुलूपबंद असते. म्हणून मागच्या शनिवारी पोरींना घेऊन मी नसीमच्या घरी गेले. तिच्या अम्मींनी पुढची खोली उघडून दिली. नसीमची ओढणी अजून खुर्चीवर होती. तिला कुणी हात लावला नाही. अकरा पोरी सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. संवाद मी सांगत होते. मला तिच्यासारखं जमेना, पोरींनीच मला सांभाळून घेतलं. ऐंशीच्या अम्मी दारात बसून पूर्ण सिनेमा बघत होत्या. संपल्यावर त्यांनी पडद्यावरच्या पोरीकडे बोट दाखवून विचारलं, “इसकी शादी तो नहीं हुई ना?”

सगळ्या पोरी एकदम ओरडल्या, “नाही!”

“अच्छा हुआ,” अम्मी म्हणाल्या. “अगले हफ्ते दूसरा लगाओ.”